पायपरात काढणारी कौसल्याआत्या

माझ्या अक्षराला कोणी हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घ तिकडेच राहिले, ते काही माझ्या मागे आले नाहीत. शाळाही गोंदियाकडच्या माहेरच्या गावातली, मराठी. लग्न होऊन बालाघाटला आले, तर इथे दुकानाच्या पाट्यांपासून राशनकार्डापर्यंत सगळं हिंदी. माझी पोरं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यामुळे हे घरात कोणी वाचेल अशी भीती नाही. कागदही विकत आणलेला नाही. जुन्या लग्नपत्रिकांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लिहिते आहे. जिच्याबद्दल लिहायचं आहे तिला हा कागद आवडला असता. पत्रिकेची एक बाजू कोरी का ठेवतात, याचीही तिनं काहीतरी गोष्ट सांगितली असती.

परवा एका लग्नात मी मांडवाच्या मागे कांदे चिरत बसले होते. शेजारची एक तरुण सून दुसरीला सांगत होती, "पायपरात ना, वो तो रामायण के टाइम से है. और उतराई भी."

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. पायपरात जन्मली तेव्हा मी तिथं होते, आणि उतराई जन्मली तेव्हा तर मी तिच्यासमोर वाकलेली होते. दोघींची आई एकच, कौसल्याआत्या. आत्याला जाऊन फार दिवस झाले नाहीत, आणि तिच्या रीती रामायणात जाऊन बसल्यासुद्धा.

कौसल्याआत्या कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नाही. वॉर्डाच्या टोकाला एका खोलीत राहायची आणि लोकांचे पापड लाटून पोट भरायची. पण लग्नसराई लागली की तिचा पापड बंद आणि तोंड सुरू. लोक पत्रिका घेऊन तिच्या घरी निघायचे, तोवर ती त्यांच्या घरी येऊन बसलेली असायची. मांडवाच्या पहिल्या खांबाला टेकून तिची लाल खुर्ची. हिरवं लुगडं, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि हातात गुडाखूची डबी. गुडाखू म्हणजे दातांना घासायची काळी तंबाखू. तिला काही विचारलं की ती आधी बोटभर गुडाखू घासायची, मग थुंकायची, मग चूळ भरायची आणि मग निकाल द्यायची. तोपर्यंत दोन्हीकडची माणसं थांबायची. पंडितही थांबायचा.

अशा बाईची गरज होती, हे मान्य करावं लागेल. आमच्याकडच्या लग्नात फक्त मुलाकडचे आणि मुलीकडचे नसतात. नागपूरकडचे असतात, गोंदियाकडचे असतात, सिवनीकडचे असतात, आणि अलीकडे टीव्हीकडचे असतात. मांडवात पाऊल टाकल्याबरोबर प्रत्येक जण म्हणतो, "आमच्यात असं नसते." मग हळद आधी की तेल आधी यावरून स्वयंपाक थंड होतो. कोणीतरी ठरवायला पाहिजे. आत्या ठरवायची. कशावरून, तर आवाजावरून. ज्याचा आवाज मोठा त्याची रीत खरी, आणि तिच्याहून मोठा आवाज वॉर्डात फक्त राइस मिलच्या भोंग्याचा होता.

तिचं माहेर रामपायलीजवळचं, म्हणजे रामाच्या देवळाच्या गावाजवळचं. त्यात नाव कौसल्या. त्यामुळे रामाबद्दल ती आईच्या हक्कानं बोलायची. रामाचं लग्न तिच्या शेजारच्या गल्लीत झालं असावं आणि तिनं तिथं पत्रावळी वाढल्या असाव्यात, असंच ऐकणाऱ्याला वाटायचं. 'माहीत नाही' हे शब्द तिच्याजवळ नव्हतेच. कोणत्याही रीतीचं कारण विचारा, सुरुवात "रामाच्या टायमाले" आणि शेवट "तवापासून".

आंतरपाट का धरतात?

"जनकराजाच्या मांडवात ओल्या लाकडाचा धूर झालता. राजाच्या डोयात पानी आलं. लोकायले वाटलं, राजा आताच रडून राह्यला, मंग पोट्टी जाईन तवा काय करीन? म्हनून मधात शालीचा पडदा धरला. तवापासून."

नवरदेवाच्या हातात कट्यार का, आणि तिच्या टोकाला लिंबू का?

"आपल्या इकडं जंगल. वरात निंघाली का अस्वल आडवं याचं. कट्यार अस्वलासाठी."

"अन् लिंबू?"

"अस्वलाले आंबट चालत नाई."

नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान का पिळतो?

"राम धनुष्य मोडून आलता. आमची पोट्टी न्यून राह्यला तं न्यू दे, पन तिचं मन नोको मोडू, हे कानात सांगाचं होतं. नवरदेव उंच, साळा बुटका. कान वढल्याबिना आयकू कसं येईन?"

एकदा एका नव्या पंडितानं तिला अडवलं. शिकून आलेला, तरुण. म्हणाला, "आत्या, यह किस ग्रंथ में है?"

आत्यानं चूळ भरली. "महाराज, ग्रंथ लिवणारे जेवाले बसलते तवाची गोष्ट हाय हे. त्यायनं पाह्यलंच नाई, मंग लिवतीन कसे?"

पंडितानं पुढचा मंत्र म्हटला.

यातलं काही खरं नाही, हे मला कळायचं. पण मांडवाच्या मागे बसून ऐकताना असंही वाटायचं, की खरं कारण याच्याहून बरं असेल कशावरून.

नवीन जमाना आला तरी आत्या मागे राहिली नाही. बंटी नावाचा व्हिडिओवाला लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायला त्यांना हट्टा गावच्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, नेऊ लागला. म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली. आत्या म्हणाली, "यात नवीन काय हाय बापा? आंधी बी लगनाच्या पयले जोडप्याले बावडीवर नेत होते. दोघायची सावली एका पान्यात पडते का नाई ते पाहाले. पडली तं जोडा जमला." बंटीनं हे मन लावून ऐकलं. पुढच्या सराईत त्याच्या भावपत्रकात 'छाया-दर्शन' नावाचा वेगळा दर आला. आता जोडपी त्या बावडीच्या पायऱ्यांवर वाकून पाण्यात बघतात, बंटी वरून फोटो काढतो, आणि रांगेत पुढचं जोडपं चपला हातात घेऊन उभं असतं. मांडवात धूर सोडणारं मशीन आलं तेव्हा मी वाट पाहत होते, की आता ही काय म्हणते. आत्यानं खुर्चीतूनच मान हलवली. "बरं झालं. जनकाच्या मांडवातला धूर वापस आला."

फक्त एका लग्नात मी तिला गप्प बसलेली पाहिली. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक बौद्ध कुटुंब आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आत्या सवयीनं पहिल्या खांबाला खुर्ची लावून बसली आणि डबी उघडू लागली. मुलीचे आजोबा हात जोडून आले. "आत्या, आमच्यात राक्षस नाई अन् अस्वल नाई. वंदना होईन, हार घालतीन, मंग जेवन. तुमी आरामात बसा." आणि खरंच, आत्याची गुडाखू घासून व्हायच्या आत लग्न लागलं. जेवून ती माझ्याबरोबर घरी निघाली. मग म्हणाली, "सुमन, पोट्टी तं पूर्नच नवरी झाली वो. काहीच कमी नाई राह्यलं." थोडं चालल्यावर थांबली आणि माझा हात धरला. "पन आपल्या लोकायले हे नोको सांगू. मले कोन बलावीन?"

आता पायपरात.

मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. समोरच्या घरी मुलीचं लग्न होतं. पंगत बसली होती आणि मुलीची आई स्वतः मठ्ठा वाढत होती. मुलाची आई खुर्चीवर, पाय पसरून. वाढता वाढता मुलीच्या आईचा पाय सतरंजीत अडकला आणि भांडंभर मठ्ठा विहिणीच्या पायांवर. कोथिंबिरीसकट.

विहीण उठून उभी राहिली. "माह्या पायावर ताक वतलं! चला रे, बस काढा!" मुलाचे मामा उठले, काका उठले. मुलीच्या आईचा चेहरा मला आजही आठवतो. ती भांडं तसंच धरून उभी होती, जणू मठ्ठा परत भांड्यात येणार होता.

तेवढ्यात लाल खुर्चीतून आवाज आला. "बसा, विहीणबाई! रीत सुरू हाय, अन् तुमी उठून राह्यल्या?"

"कोन्ती रीत?" विहीण म्हणाली.

"कोन्ती म्हंजे? पायपरात." हा शब्द आत्यालाही तोंडातून बाहेर आल्यावरच कळला असेल. तिनं आचाऱ्यापुढची कणकेची पितळी परात ओढली, कणीक केळीच्या पानावर उलटी केली, आणि परात विहिणीच्या पायांखाली सरकवली. "कौसल्यामाता जनकाच्या दारी आली, तवा तिचे पाय मठ्ठ्यानंच धुतलते. पान्यानं पाय तं कोनीबी धुते. मठ्ठा थंड. लांबून आलेल्या विहीणीचा राग पायातून उतरते. अन् ज्या परातीत पाय धुतले, ते परात विहीणीची. न्या घरी."

विहिणीनं परातीकडे पाहिलं. परात मोठी होती, जाड पितळेची. ती खाली बसली. मामा बसले, काका बसले. मुलीच्या आईनं वाकून उरलेला मठ्ठा त्या पायांवर रीतसर ओतला, आणि ती पोरगी सासरी गेली. आज तिला नातू आहे.

इथपर्यंत ठीक होतं. एक लग्न मोडता मोडता वाचलं. पण पुढच्या सराईत वॉर्डातल्याच एका लग्नात मुलाकडच्यांनी विचारलं, "पायपरात कोठी हाय?" मुलीकडच्यांना काहीच माहीत नव्हतं, पण माहीत नाही म्हणायची लाज वाटली. धावत जाऊन परात आणली. श्रद्धेनं रीत जेवढी पसरत नाही तेवढी लाजेनं पसरते.

मग ती वाढू लागली. मठ्ठ्याचं दूध झालं. दुधात केशर पडलं. पितळेचं तांबं झालं, तांब्याची चांदी झाली. कोणीतरी शकुनाचं नाणं टाकलं. नाण्याच्या जागी नोट आली. नोट दुधात भिजते, म्हणून दूध चमचाभर शिंपडायचं आणि खाली नोटाच पसरायच्या, असं ठरलं. शेवटी नियम झाला, की परातीत विहिणीच्या पायांची बोटं नोटांनी झाकली गेली पाहिजेत. आमचे हे म्हणायचे, की मुलीच्या बापानं आता मुलाचा पगार विचारू नये, मुलाच्या आईच्या चपलेचा नंबर विचारावा.

या सगळ्या काळात आत्या खुर्चीतच होती. प्रत्येक पायपरातीला तिच्या हातानं पहिलं दूध पडायचं आणि तिला ब्लाउजपीस मिळायचा. ती काही बोलली नाही. ब्लाउजपीस सगळ्यांनाच आवडतात.

मग माझ्या दीपालीचं लग्न ठरलं. मुलगा राजेगावचा, रोशन. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चांगला आहे, आणि दीपालीचा मोबाइल त्याच्या दुकानात जरा जास्तच वेळा बिघडत होता, म्हणजे पसंतीचा प्रश्न नव्हता. त्याची आई विमलबाई बोलणी करायला आली. खुर्चीवर बसून म्हणाली, "आमाले काहीच नको वो. हुंडा तं पाप हाय. फकत रीत."

"कोन्ती?" यांनी विचारलं, जरी माहीत होतं.

"पायपरात. बाकी काई नाई. परात चांदीचं पानी देल्ली असली तरी चालते, आमी काही हावरे लोक नाई." मग थोडं थांबून म्हणाली, "नोटा पाचशेच्याच ठेवसान. दहाच्या नोटायनं बोटं झाकणारे लोक पाह्यले मी."

एवढं बोलून तिनं चपला काढल्या आणि पाय लांब केले. यांनी पाहिलं. मी पाहिलं. पाय मोठे होते.

हे राइस मिलमध्ये हमाल आहेत. आम्ही रात्रंदिवस जुळवलं तरी दोन बोटं झाकली असती. दीपाली म्हणाली, "आई, नसल जमत तं राहू दे." असं म्हणाली आणि जेवायची बंद झाली. शेवटी मी बायकांच्या बचत गटातून कर्ज उचललं. गटाचा पैसा म्हणजे बँकेचा पैसा नाही. तो बायकांच्या साड्यांच्या घड्यांमधून, डाळीच्या डब्यांमधून निघालेला असतो. तो बुडाला तर वॉर्डातल्या एकाही नळावर मला हंडा लावता आला नसता. गटाचा पैसा सांभाळणाऱ्या शोभाताईनं नोटा माझ्या हातात दिल्या आणि एवढंच म्हणाली, "सुमनबाई, आपल्या गटातल्या शांताच्या पोट्टीची फी हाय याच्यात." मला रात्री झोप लागेना.

आत्या मांडवाचा दिवस ठरवायला आली, तेव्हा यांचा बांध फुटला. "आत्या, हे पायपरात कोन्या रामानं काढली, जरा सांगा आमाले!"

आत्यानं डबी उघडली होती. ती तिनं न घासताच बंद केली. मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

"म्या काढली," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं मला बसमध्ये घातलं आणि राजेगावला नेलं. विमलबाई घरीच होती. बाजेवर तिची म्हातारी सासू बसली होती. आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "विमलबाई, पायपरात नावाची रीत नाई. ते म्या काढली. मठ्ठा सांडलता म्हनून."

विमलबाई आधी पाहत राहिली, मग हसली. चांगली पदर तोंडाला लावून हसली. "आत्या, तुमचं वय झालं. आमच्या घरी सात पिढ्यांपासून हाय पायपरात."

"सात पिढ्या? माहे केस काळे होते तवा काढली म्या!"

"आयका, मीच सांगते तुमाले." आणि विमलबाईनं सांगितलं. कौसल्यामाता रथातून कशी उतरली, वाटेवरच्या काट्यानं तिच्या पायातून रक्त कसं आलं, जनकाच्या राणीनं सोन्याची परात आणून दुधानं पाय कसे धुतले, आणि रक्ताचा थेंब दुधात पडला तिथं कमळ कसं उगवलं. बाजेवरच्या म्हातारीनं डोळे पुसले. मी आत्याकडे पाहिलं. आत्याचेही डोळे भरले होते.

"कमळ," आत्या म्हणाली. "हे मले नाई सुचलं."

मी तोंड उघडून काय होणार होतं? जिनं रीत काढली तिलाच खोटी पाडली होती.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. बाहेर धानाची बांधी, मध्ये उभं पाणी. काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्या, तुमच्या लग्नात काय काय रीती झाल्या होत्या?"

"एकबी नाई." ती बाहेरच बघत होती. "रामपायलीच्या देवळात दोन माळा घातल्या. घरच्यायले पसंत नवतं. पुजाऱ्यानं पुसलं बी नाई, कोनाची कोन. बाहेर येऊन चहा पेलो, अन् आलो."

शहर जवळ आलं, तशी तिनं डबी काढली, चालत्या बसमध्ये गुडाखू घासली, आणि खिडकीतून थुंकून म्हणाली, "खऱ्यानं रीत मरत नाई, सुमन. रीतीले रीतच मारते. तू नोटा बांधून आन."

लग्नाच्या दिवशी मांडव भरला होता. हळदीनं सगळं पिवळं, बंटीचं मशीन धूर ओकत होतं, आणि वर कुठेतरी त्याचा उडणारा कॅमेरा गुणगुणत होता. आंतरपाट झाला, अक्षता झाल्या. मग विमलबाईला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी परात ठेवली, नोटा पसरल्या. विमलबाईनं पाय ठेवले. मी वाकून नोटा तिच्या बोटांवर ओढत होते, आणि प्रत्येक नोट ओढताना शोभाताईचा चेहरा दिसत होता. उजव्या पायाचा अंगठा काही झाकेना. शेवटची नोट त्याच्यावर ठेवली. मग चमच्यानं दूध घालायला गेले, तर कोपराचा धक्का लागून वाटीच कलंडली. सगळं दूध नोटांवर. विमलबाईच्या तोंडावर समाधान पसरलं आणि ती उठायला लागली.

"पाय उचलू नोका, विहीणबाई!"

लाल खुर्ची रिकामी होती. आत्या काठी टेकत परातीजवळ येऊन उभी होती.

"आता काय झालं?" विमलबाई म्हणाली.

"अर्धीच झाली. अर्धी रीत ठेवाची नसते. उतराई राह्यली."

"कोन्ती उतराई? आमच्यात असं नसते."

आत्यानं मांडवाकडे तोंड केलं. मिलच्या भोंग्याहून मोठ्या आवाजात म्हणाली, "लक्ष्मीवर पाय ठेवून बसल्या हा तुमी. घरी पाचची नोट जरी पायाखाली आली, तं आपन काय करतो? उचलून कपायाले लावतो. मंग हे तं परातभर लक्ष्मी! कौसल्यामातेचे पाय राणीनं धुतले, अन् मातेनं खाली पाह्यलं, तं जिथं पाय तिथं लक्ष्मी. माता घाबरली. म्हने, हे दोष माह्या घरी नको. मातेनं परात उचलली, कपायाले लावली, अन् जे वाकली होती तिच्याच ओटीत टाकली. तवा दोष उतरला. तवा कमळ उगवलं!"

कमळ ऐकून विमलबाईचा चेहरा बदलला. कमळ तिचं होतं.

आत्या खाली वाकली, म्हणजे फक्त मला आणि विमलबाईला ऐकू येईल इतकी. पण मांडव गप्प झाला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "पाय धुतलेलं पानी कोनी पदरात बांधून घरी नेते का, बाई? अन् तुमच्या घरी बी लहान पोट्टी हाय ना लगनाची? तवा तुमी वाकसान. तुमच्या विहीणीचे पाय कसे राह्यतीन, देव जाने."

विमलबाईनं आपल्या लहान मुलीकडे पाहिलं. ती मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. मग तिनं सासूकडे पाहिलं. "आई, तुमच्या टायमाले होती का उतराई?"

आत्याच्या किती तरी आधी लग्न झालेली ती म्हातारी. धुरातून सगळा मांडव आपल्याकडे बघतो आहे, एवढंच तिला दिसलं असावं. तिनं जोरात मान हलवली. "हौ! असंच होतं. माह्या मायची ओटी भरलती." आणि तिनं डोळे पुसले. ते धुरानं की कशानं, मला माहीत नाही.

विमलबाईनं परात उचलली, कपाळाला लावली, आणि मी पसरलेल्या पदरात ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बंटी पळत पुढे आला. "आंटीजी, बहुत बढ़िया! एक बार और. धीरे-धीरे डालो, स्लो मोशन में लूँगा. और थोड़ा स्माइल."

त्यामुळे माझ्या नोटा पुन्हा परातीत गेल्या आणि पुन्हा पदरात आल्या. दुसऱ्या वेळी एखादी इकडेतिकडे होऊ नये म्हणून आत्या काठी टेकून तिथंच उभी होती. विमलबाईनं या वेळी स्माइलही दिलं. तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला की त्या सराईतच उतराई गोंदियापर्यंत गेली. विमलबाई आता राजेगावात उतराईची गोष्ट आत्यापेक्षा चांगली सांगते. त्यात तिनं एक हत्तीही घातला आहे, असं दीपाली म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गटाची बैठक शोभाताईच्या अंगणात होती. मी पदराची गाठ घेऊन गेले. सोडून पाहिलं तर काय, दुधानं, केशरानं आणि हळदीच्या हातांनी नोटा एकमेकींना चिकटलेल्या. गठ्ठा सुटेना. शोभाताईनं वास घेतला. "सुमनबाई, हे काय करून आनलं? पिवळ्या काहून झाल्या?"

इतक्या बायका बघत होत्या. मागे काठीचा आवाज आला. आत्या. बैठकीला तिचं काही काम नव्हतं, ती गटात नव्हतीच. तिनं माझ्या हातातला गठ्ठा घेतला, अंगणात जुनं धोतर अंथरलं, आणि एकेक नोट सोडवून उन्हात मांडू लागली. पापड मांडतात तशी, कड न मोडता, दोन नोटांत बोटभर जागा ठेवून. मांडून झाल्यावर बाजूला बसली आणि काठी हातात घेतली, कारण शेजारची बकरी आधीच येऊन उभी होती.

"आत्या, कर्जाच्या नोटा दुधानं धुतात का?" एकीनं विचारलं.

आत्यानं गुडाखू घासली, थुंकली, चूळ भरली. "रामाच्या टायमाले," ती म्हणाली आणि बकरीला काठी दाखवली, "उसना पैसा माहेरी वापस आला का त्याले दुधानं धुवाचे, हळद लावाचे. पोरीसारखा असते तो. दुसऱ्याच्या घरून येते ना."

बायकांनी माना हलवल्या. मी त्यानंतर आत्याला पुन्हा पाहिलं नाही. दीपालीला माहेरी आणायला आम्ही राजेगावला गेलो आणि मागे ती दोन दिवसांच्या तापात गेली. माझ्यासाठी ती तशीच अंगणात बसलेली आहे, हिरव्या लुगड्यात, पाचशेच्या नोटांची राखण करत.

जशी नोट वाळेल तशी शोभाताई उचलत गेली. शांताच्या मुलीची फी वेगळी काढली. बाकी डब्यात टाकली. शेवटची नोट, जी विमलबाईच्या अंगठ्यावर होती, ती सगळ्यात उशिरा वाळली. तिच्यावर अंगठ्याचा आकार अजून पिवळा दिसत होता. शोभाताईनं ती उचलली, झटकली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"झाले, सुमनबाई," ती म्हणाली. "पूर्न. तुमच्याकडं आता काहीच बाकी नाई."